दुधाचा पितळी डबा

बायको गेली त्याला वर्ष पुरं व्हायला बारा दिवस होते, तेव्हा मुंगी जन्मली. मुलाच्या लग्नाचं ते दुसरं वर्ष. बायको गेल्यापासून घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, आणि ही पोर आली ती पहिल्या दिवसापासून घर डोक्यावर घेऊन. वजनाला जेमतेम, म्हणून सून तिला मुंगी म्हणायला लागली. पुढे चालायला लागल्यावर ते नाव आणखीच शोभलं. गोड पदार्थ घरात कुठंही लपवून ठेवा, ही तिथं हजर.

आम्ही चौघं दोन खोल्यांत राहायचो, तिसऱ्या मजल्यावर. मुलगा टेम्पो चालवायचा, सून शर्टांना काजं-बटणं करायच्या कारखान्यात जायची. मी ओतारी. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं काढायचा आमचा कारखाना. घराच्या खिडकीतून त्याचं धुराडं दिसायचं, चालत दहा मिनिटं. अंगणात बसून चारसहा जण कुऱ्हाडीनं बॅटऱ्या फोडायचे, आतलं आम्लाचं पाणी गटारात सोडायचे आणि पत्रे माझ्याकडे यायचे. मी ते कढईत वितळवायचो, वर आलेली मळी झाऱ्यानं काढून टाकायचो आणि खालचं चकचकीत शिसं साच्यात ओतायचो. संध्याकाळपर्यंत भिंतीला टेकून शिशाच्या विटांची रांग उभी राहायची. अठ्ठावीस वर्षं मी ते केलं. हाताला कंप नव्हता, ओतताना थेंब सांडत नव्हता. मुकादम नव्या माणसांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा की ओतायचं ते असं.

शिसं अंगात बसतं हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पोट आवळून येतं, मनगटं लुळी पडतात, हे आम्ही एकमेकांत बघितलं होतं. त्यावर उपाय म्हणून कारखान्यात रोज सकाळी दहा वाजता दूध मिळायचं. दुधानं शिसं धुऊन निघतं, असं मालकांच्या वडिलांपासून चालत आलेलं. मुकादम बादली घेऊन फिरायचा आणि प्रत्येकाच्या भांड्यात एक मोठा पेला ओतायचा. ते तिथंच प्यायचं, फाटकाबाहेर न्यायचं नाही, हा नियम. पूर्वी कुणी तरी ते बाहेर नेऊन विकलं होतं. माझ्या शेजारी पत्रे चेचणारा एक लंबू होता, त्याची जीभ कधी गप्प बसायची नाही. तो म्हणायचा, जगात वासराला दूध पाजून गाय पिळतात, इथं मालक आपल्यालाच दूध पाजतो आणि आपल्यालाच पिळतो. मुकादमही हसायचा.

मुंगी साडेतीन वर्षांची झाली तेव्हा तिला खोकला झाला आणि तो हटेचना. आमच्या गल्लीतली सगळीच पोरं खोकायची. सून म्हणाली, अंगात ताकद नाही पोरीच्या, दूध मिळायला पाहिजे पोटभर. त्या वर्षी टेम्पो बरेच दिवस बंद पडून होता, घरात दूध चहापुरतंच यायचं.  दुसऱ्या दिवशी मी बायकोचा पितळी डबा काढला.

हा डबा तिनं माझ्यासाठी घेतलेला. वीस वर्षं त्यातून तिनं माझं जेवण पाठवलं. ती गेल्यावर तो फळीवर पालथा पडून होता. उतरवून पाणी घातलं तर बुडाला केसाएवढी चीर. मुलगा म्हणाला, मोडीत टाका, आता प्लॅस्टिकचे छान मिळतात. ते माझ्यानं झालं नसतं. मी तो कारखान्यात नेला, आतून राखेनं घासला, शिसं पितळेला धरावं म्हणून नवसागर लावला, आणि कढईतलं चांगलं गाळीव शिसं चमचाभर घेऊन बुडावर फिरवलं. गोल, तळहाताएवढं ठिगळ. वरून पातीनं घोटून आरशासारखं केलं. पाणी भरून ठेवलं, एक थेंब गळला नाही. मला माझ्या हाताचं कौतुक वाटलं, हे खोटं कशाला सांगू?

तेव्हापासून रोज दहा वाजता मी मुकादमासमोर डबा धरायचो. भट्टी सोडता येत नाही, थंड झालं की पितो, असं म्हणायचो. त्याची पाठ फिरली की झाकण लावायचो आणि डबा भट्टीमागच्या फळीवर ठेवायचो. तीनला पाळी सुटायची. जेवणाच्या पिशवीत फडक्याखाली डबा घालून फाटकातून बाहेर पडायचो. घरी मुंगी शेवटच्या पायरीवर बसलेली असायची. मला बघितलं की हात वर. कपडे बदलायच्या आधीच मी तिला उचलायचो आणि तीन मजले चढायचो. वर गेल्यावर ती डब्यालाच तोंड लावायची.

भट्टीच्या उबेनं दूध जरा आंबलेलं असायचं. पण ती म्हणायची, "आबाचं दूध गोड."

सुनेला वाटायचं मी साखर घालतो. मला वाटायचं डबा घासताना सूनच तळाला साखर ठेवत असेल. दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही. कशाला विचारायचं, पोर पीत होती ना.

पाचव्या वर्षी ती शाळेत जायला लागली. आमच्या घरात तोवर मुलगा सातवी, सून चौथी, आणि मी अंगठा. मुंगीनं शिकावं ही सगळ्यांत मोठी हौस माझीच. कारखान्यात पगाराच्या कागदावर अंगठा उठवताना शाई नखात जायची, ती दोन दिवस निघायची नाही. माझ्या नातीच्या नखात ती शाई जाऊ नये, एवढंच मी धरून बसलो होतो. पहिले काही महिने ती झरझर शिकली. घरी येऊन मला शिकवायची. माझं बोट धरून पाटीवर फिरवायची आणि चुकलं की बाईंसारखं म्हणायची, आबा, लक्ष कुठंय तुझं?

मग ती अडायला लागली. काल आलेलं अक्षर आज यायचं नाही. ब बदकाचा काढायला सांगितला की बदक काढायची, तेही चोचीविना. पेन्सिल हातातून निसटायची. शाळेच्या बाईंनी सुनेला बोलावून सांगितलं की पोर वर्गात एकटीच बघत बसते, चिडते, शेजारच्याला चावते. त्या असंही म्हणाल्या की तुमच्या बाजूच्या चारपाच गल्ल्यांतली बरीच मुलं अशी मागे पडतात, का ते कळत नाही. सून घरी येऊन रडली. मुलगा म्हणाला, आमच्या घराण्यातच डोकं नाही, कुठून आणणार? ते ऐकून मी रोज संध्याकाळी पाटी घेऊन तिच्याजवळ बसायला लागलो. एकेक अक्षर तिला वीस-वीस वेळा गिरवायला लावायचो, आधी मी, मग ती. तीन महिन्यांनी एक दिवस दुकानाची पाटी माझ्याकडून सहज वाचली गेली. मी रस्त्यातच थांबलो. मुंगी माझ्या खांद्यावर होती. तिला म्हटलं, बघ, काय लिहिलंय? तिनं बघितलंच नाही. तिचं पोट दुखत होतं.

पोट दुखणं रोजचं झालं. जेवण नको. रंग पांढुरका पडला, डोळ्यांखाली सावली आली. जिन्यात अडखळायची. फक्त माझं दूध तेवढं घ्यायची. सून सगळ्यांना सांगायची, बाबांचं दूध तिला मानवतं, म्हणून तरी तग धरून आहे.

मुलांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. चार दिवसांनी आम्हाला परत बोलावलं. त्यांनी कागद समोर ठेवला आणि शांतपणे सांगितलं की मुलीच्या रक्तात शिसं आहे, फार आहे. माझ्या कामाचं ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून एकेक विचारलं. कपडे कुठं बदलता, कुठं धुता, बूट घरात आणता का. मी खाली मान घालून खरं ते सांगितलं. मग त्यांनी विचारलं, मुलगी खाते-पिते काय? सुनेनं सांगितलं, भात, वरण, दूध.

"दूध कुठलं?"

सून माझ्याकडे बघायला लागली. कारखान्यातलं दूध बाहेर नेतो हे कळलं तर नोकरी जाणार. आणि दूध म्हणजे तर शिशावरचं औषध, त्यात विचारण्यासारखं काय असणार, असंही वाटलं. मी म्हणालो, "डेअरीचं."

सुनेनं मान खाली घातली. सासऱ्याचा शब्द तिनं कधी खाली पाडला नव्हता.

मुंगीला पाच दिवस तिथं ठेवलं. दिवसातून कितीतरी सुया. ती माझ्या दाढीला धरून ठेवायची आणि सुई टोचली की ओढायची. पण शिसं उतरलं. सहाव्या दिवशी तिनं पोटभर भात खाल्ला आणि शेजारच्या खाटेवरच्या पोराला खेळण्यावरून एक ठेवूनही दिली. आम्ही सगळे हसलो. निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं की आजोबांनी आंघोळ करून, कपडे बदलूनच घरात यायचं, फरशी ओल्या फडक्यानं पुसायची, आणि मुलीला दूध, हिरवी भाजी भरपूर द्यायची. "पण शिसं येतंय कुठून ते थांबलं नाही, तर या औषधाचा उपयोग नाही," त्या म्हणाल्या. आठवडाभरात आमच्या नर्सबाई घर बघायला येतील, असंही सांगितलं. त्या आठवड्याचे सात आठवडे झाले. एकट्या नर्सबाई आणि गल्ल्या कितीतरी.

मी सगळं केलं. कारखान्यातल्या नळाखाली आंघोळ करायचो, थंडीतही. कपडे पिशवीत बांधून बाहेर गॅलरीत टांगायचो. मुलानं फरशी पुसली, सुनेनं भिंती पुसल्या. आणि दूध. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं, दूध भरपूर. मी लंबूला माझी अडचण सांगितली. त्यानं एक शब्द न विचारता स्वतःचा पेलाही माझ्या डब्यात ओतायला सुरुवात केली. म्हणाला, माझ्या हाडांत आता शिशाशिवाय काही उरलेलं नाही, दूध कशाला वाया घालवायचं? पोरीला पाज.

म्हणजे आधी एक पेला जायचा, आता दोन जायला लागले.

महिनाभर बरी वाटली. मग पुन्हा चिडचिड, पुन्हा पोट. हाक मारली तर ओ द्यायला वेळ लागायचा. एक दिवस तिनं मला आबाऐवजी नुसतं "अ" म्हटलं आणि पुढचं आठवेना म्हणून कपाळाला हात लावून बसली, म्हाताऱ्या माणसासारखी. शनिवारी उलट्या सुरू झाल्या. सोमवारी सकाळी तिला घेऊन जायचं ठरलं होतं, पण सकाळी ती उठून बसली, बोलली, तेव्हा सून म्हणाली, पाळी सुटून बाबा आले की जाऊ.

त्याच सोमवारी नर्सबाई आल्या.

मी साडेतीनला घरी पोचलो तेव्हा त्या ओट्याजवळ काम करत होत्या. वयानं माझ्याहून थोड्या लहान, केस पांढरे, खांद्याला मोठी पिशवी. त्यांनी भिंतीच्या रंगाचे पापुद्रे पुडीत घेतले होते, नळाचं पाणी बाटलीत, फरशी फडक्यानं पुसून ते फडकं वेगळ्या पिशवीत. मुंगी भिंतीला टेकून बसली होती. त्या दिवशी ती पायरीवर आली नव्हती. मला बघून तिनं हात वर केले, एकच पुरता वर गेला.

मी डबा काढून तिच्या हातात दिला. नर्सबाई वळून बघत होत्या. त्या पुढं आल्या, मुंगीच्या तोंडाजवळून डबा हळूच काढून घेतला, आणि वास घेतला.

"हे कुठलं दूध, भाऊ?"

मी पिशवीतल्या फडक्याची घडी घालायला लागलो. मुलगा म्हणाला, "सांगा की बाबा, डेअरीचं."

नर्सबाईंनी दूध पातेल्यात ओतलं. मग डबा खिडकीशी नेला आणि आत बघितलं. तळाचं ठिगळ करडं पडलं होतं, कडेनं पांढरी साय धरल्यासारखं. त्यांनी कमरेची किल्ली काढून त्यावर एक रेघ ओढली. रेघ चमकली. त्या चकाकीला मी अठ्ठावीस वर्षं ओळखत होतो.

"हे कुणी लावलं?"

तेव्हा मी सांगितलं. दूध कारखान्याचं, ठिगळ माझं, तीन वर्षं झाली. सांगताना मी उभाच होतो. त्यांनी बसा म्हटलं तरी बसता येईना. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या की आंबलेलं दूध शिशाला खातं, आणि शिसं दुधात उतरलं की ते गोड लागतं.

सून चुलीजवळ उभी होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, साखर तुम्ही घालत होता ना?"

मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "मीही नाही."

नर्सबाईंनी तिथूनच गाडी बोलावली. मुंगीला मी उचललं. जिना उतरताना तिनं डबा कुठंय विचारलं. म्हटलं, आहे, आणतो. ते तिला मी सांगितलेलं शेवटचं, आणि तेही खोटंच.

दवाखान्यात तिला संध्याकाळी पहिला झटका आला. डॉक्टरीणबाई घरी गेल्या नाहीत. शिसं डोक्यात शिरलं होतं, मेंदूला सूज आली होती. मंगळवारी, बुधवारी सुया, सलाइन, नळ्या. एवढंसं डोकं, त्याला चहूकडून पट्ट्या. बुधवारी दुपारी मी डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, त्या दिवशी तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. त्यांनी फाइल मिटली.  मग म्हणाल्या, "तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं, आजोबा." त्यांनी मला धीर द्यायला काही वेगळं सांगितलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

पुढं त्यांनी आमच्या पाच गल्ल्यांतल्या पोरांचं रक्त तपासायला लावलं. निम्म्याहून जास्त पोरांत शिसं निघालं. त्या पोरांनी माझा डबा कधी बघितलाही नव्हता. शाळेच्या मैदानातली माती काढून नेली, तीही तशीच. कारखान्याचं धुराडं बंद झालं आणि शहराबाहेर दुसऱ्या कुणाच्या तरी खिडकीसमोर उभं राहिलं. लंबू तिकडे गेला, मी गेलो नाही. ज्या पोरांत थोडं होतं ती आता मोठी झाली आहेत. त्यातला एक आमच्या खालच्या दुकानात बसतो. त्याला सुटे पैसे परत करताना दोनदा मोजावं लागतं आणि लोक त्याच्यावर खेकसतात. मी तिथं उभा असलो तर सांगतो, थांबा जरा, त्याला वेळ लागतो.

मुलगा मला पुष्कळदा म्हणाला की बाबा, धूर होता, माती होती, तुमच्या एकट्याच्या डब्यानं काय होणार? तो चांगल्या मनानं म्हणतो. पण धूर सगळ्यांच्या घरात गेला, आणि मरण एकाच घरात आलं. तो फरक एका डब्याएवढा आहे, आणि डबा कुणाचा ते मला माहीत आहे.

सून त्यावर कधी बोलली नाही. माझं ताट तिनं एक दिवसही चुकवलं नाही. फक्त दूध ती माझ्यासमोर ठेवत नाही, आणि मी मागत नाही. एकदाच, दोनेक वर्षांनी, मुंगीनंतर झालेल्या नातवाला मांडीवर घेऊन बसली होती, तेव्हा म्हणाली, "ती तुमची वाट बघायची, बाबा. दुधाची नाही." ते तिनं का सांगितलं, मला दिलासा म्हणून की कसं, हे मी विचारलं नाही.

डबा नर्सबाईंनी तपासायला नेला, तो परत आला नाही. पाटी आहे. तिच्या एका कोपऱ्यात चोचीविना काढलेलं बदक होतं, ते पुसलं जाऊ नये म्हणून मी त्या बाजूला कधी लिहिलं नाही. तरी हळूहळू गेलंच.

मुंगी गुरुवारी सकाळी सव्वाअकरा वाजता दवाखान्यात गेली. सहा वर्षं आणि पाच महिन्यांची होती. माझी बायको गेल्याला तेव्हा आठवं वर्ष चालू होतं.